फोंड्यातला अफिलिएट मार्केटिंगचा वर्ग: शनिवार पैसे वसूल, रविवारबद्दल मात्र बोलायलाच हवं

पाचपैकी तीन स्टार. शनिवारला पाच देईन, रविवारला एक, म्हणून मधले तीन. वर्गाचं नाव लिहीत नाही, ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आलाय त्यांना कळेलच कुठला ते. फोंड्यात ढवळीच्या बाजूला एका हॉलमध्ये शनिवार-रविवार असतो, शिकवणं मराठीत, मधेमधे कोकणी, फी साडेतीन हजार, दुपारचं जेवण त्यातच. पुढची बॅच चतुर्थीनंतर आहे आणि आमच्या ऑफिसातल्या दोघीतिघी विचारतायत जाऊ का म्हणून, तेव्हा एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल लिहिता किंवा व्हिडिओ करता, खाली लिंक देता, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकानवाला तुम्हाला टक्केवारी देतो, गिऱ्हाईकाला किंमत तीच पडते. अमेझॉनने हे १९९६ मध्ये सुरू केलं, भारतात त्यांचं दुकान २०१३ ला आलं, म्हणजे नवीन काहीच नाही, पण आपल्याकडे अजून "यूट्यूबवाले घरबसल्या कमावतात" याच्या पुढे कोणाला फारसं माहीत नसतं.

शनिवारी सकाळी सरांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की अर्धा हॉल नाराज झाला. म्हणाले, तुम्ही सगळे आपापली आवड घेऊन आलात ना, ती जपून ठेवा, ती विकायला काढू नका, आधी बघा लोक पैसे कशावर खर्च करतात. कोणाला रांगोळीचं करायचं होतं, कोणाला जुन्या गोव्याच्या गोष्टींचं, एका वहिनींना पारंपरिक पाककृतींचं. "मनापासून आवडेल तेच कर, पैसा आपोआप येईल" हे ऐकतच आपण मोठे झालो, त्यामुळे हे ऐकून राग येणं साहजिक आहे. पण मला ते तिथेच पटलं आणि अजूनही पटतंय.

सरांनी ते नुसतं बोलून सोडलं नाही. पुढच्या रांगेत एक मुलगा होता, पेडण्याकडचा, आरतीच्या ग्रुपमध्ये घुमट वाजवणारा, त्याला उभं केलं.

"सर, मला घुमटाचं चॅनल करायचंय."

"छान. बघणारे आहेत?"

"चतुर्थीत खूप बघतात सर."

"त्यांना विकणार काय?"

"घुमटच."

"तुझं तू कुठून घेतलंस?"

"म्हापशाच्या बाजारातून, शुक्रवारी."

"मग बघणारापण तिथूनच घेणार. त्यात तुला टक्केवारी कोण देणार?"

मुलाकडे उत्तर नव्हतं, पण सरांनी त्याला खाली बसवलं नाही, उलट घुमटाबद्दल त्यालाच बोलायला लावलं. मातीचा घट, एका तोंडाला कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता बकरीचं लावतात, २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. सगळं त्या मुलाने इतकं सुंदर सांगितलं की हॉल गप्प. आणि मग सर म्हणाले, बघ, हे तू आत्ता फुकट सांगितलंस म्हणून एवढं छान सांगितलंस, यात दर दोन मिनिटांनी लिंक घुसवायची वेळ आली तर तुझ्या तोंडून हे असं येणार नाही. मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

मग बोर्डवर चार प्रश्न लिहिले. ही वस्तू ऑनलाइन कोणी विकतं का. किंमत काय. टक्केवारी काय. आणि जो माणूस तुमच्यापर्यंत येतोय तो घ्यायच्या तयारीने येतोय का. शेवटच्या प्रश्नावर जवळजवळ तासभर गेला आणि तोच सगळ्यात कामाचा. आरती ऐकायला आलेल्या माणसाला आरतीच ऐकायची असते, त्याला काही घ्यायचं नसतं. पण जी बाई जुलै महिन्यात रात्री अकराला "कपाटात बुरशी आली काय करू" असं टाइप करते तिचा रेशमी साड्यांचा गठ्ठा समोर पडलेला असतो, तिला आत्ताच्या आत्ता उपाय हवा असतो आणि ती त्यासाठी पैसेही मोजणार असते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चामड्याच्या चपला, लग्नाचे अल्बम, पेटीचा भाता, कशाकशाला बुरशी येत नाही? आणि हा त्रास नुसता गोव्याचा नाही, सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत सगळ्या मराठी वाचणाऱ्यांचा आहे, तरी यावर मराठीत धड माहिती सापडत नाही, सगळं इंग्रजीत नाहीतर दिल्लीच्या हवेला धरून.

हिशोब साधा होता. समजा टक्केवारी पाच धरली तर हवेतला ओलावा ओढणाऱ्या अठरा हजारांच्या मशीनमागे नऊशे रुपये, तीनशेच्या पुस्तकामागे पंधरा, म्हणजे एका मशीनच्या बरोबरीला साठ पुस्तकं खपवायची. पुस्तकांवर तुमचं कितीही प्रेम असलं तरी वीजबिल भरायला साठ वाचक शोधायला लागणार आणि बुरशीने कावलेली एक बाई पुरणार. टक्केवारी सगळीकडे सारखी नसते हेही सांगितलं, मोबाईलवर अगदी नावापुरती असते आणि नवीन येणारा हमखास मोबाईललाच हात घालतो. अमेझॉनचे अटी-नियमही नीट समजावले: लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण चोवीस तासांतली खरेदीच तुमच्या नावावर धरतात, पहिल्या १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, स्वतः केलेली किंवा आपल्यासाठी दुसऱ्याकडून करवून घेतलेली खरेदी धरत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत त्यांनी फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर आठ टक्क्यांवरून तीनवर आणला, किराण्यावरचा पाचवरून एकवर, आणि ज्यांचं सगळं त्या एकाच दुकानावर होतं त्यांची या वस्तूंवरची कमाई एका फटक्यात निम्म्याच्याही खाली आली. नफा बघा म्हणणारा माणूस नफा कसा जातो तेही सांगतोय हे बघून बरं वाटलं.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगते. मी कुंडईला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि गावच्या नाट्यमंडळात आहे. आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी मंडळी ड्युटी सुटल्यावर रात्री तालमी करतात, त्यात बँकवाले, मास्तर, कदंबाचे कंडक्टर सगळे असतात, आणि जत्रेतल्या नाटकाला तर पात्रं पदरमोड करून उभी राहतात. त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नाही की तालमीतून पैसे काढून दाखव नाहीतर तुझं प्रेम खोटं. पोटाचं एकीकडे आणि जिवाचं दुसरीकडे ही आपल्या भागातली जुनी आणि शहाणपणाची रीत आहे. मग ऑनलाइन आलं की आवडीनेच पोटही भरलं पाहिजे हा हट्ट कुठून आला? माझं नाटक मी कोणाला विकणार नाही, मला ते तसंच हवंय, आणि पैशासाठी कपाटाच्या बुरशीवर लिहायला मला काडीचीही लाज वाटत नाही.

आणि खरं सांगू का, नफ्यासाठी निवडलेल्या विषयातही रस वाटायला लागतो. जेवणाच्या सुट्टीआधी सरांनी दोन मशिनं आणली होती, हवेतला ओलावा ओढणारी, एक मोठं काँप्रेसरचं आणि एक छोटं टेबलावर ठेवायचं. सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. हॉलच्या मागची खोली बंद केली, मीटर ८६ दाखवत होता, मोठं मशीन लावलं आणि आम्ही जेवायला गेलो. परत आलो तर ६३. टाकीत पाणी साचलेलं डोळ्यांनी दिसत होतं, चांगलं तांब्याभर. मग छोटं लावलं, संध्याकाळपर्यंत त्याच्या डब्यात तळाला ओल आली एवढंच, मीटर परत वर चढत गेला. कारण सांगितलं ते असं की मोठ्यात फ्रीजसारखी थंड कॉइल असते, तिच्यावर हवेतली वाफ धरते आणि गळून टाकीत जाते, छोट्यात इवलीशी पेल्टियर चकती असते, वीज दिली की एका बाजूने गार होणारी, ती दिवसभर चालवून कपभर पाणी काढते, कपाटाच्या एका खणाला चालेल, खोलीला नाही. खोक्यावर "दिवसाला १२ लिटर" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा तीस डिग्री आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं, म्हणजे हवा कोरडी होत जाईल तसं पाणी कमीच निघणार, त्यात बिघाड नसतो. साठ टक्क्यांच्या खाली हवा राहिली की बुरशी धरत नाही, तेव्हा आधी दोन-चारशेचा मीटर घ्या, मग मशीन. हे असं कोणी मराठीत लिहिलं तर वाचणाऱ्याचे हजारो रुपये वाचतील, आणि लिहिणाऱ्याला दोन पैसे मिळाले तर त्यात कोणाचं काय गेलं?

शनिवारी घरी जाताना मी अगदी खूश होते.

रविवारी सगळं बिघडलं. सकाळी एक शीट वाटली, वस्तूंची यादी, टक्केवारीप्रमाणे वरून खाली लावलेली. आणि त्या यादीत वरच्या नंबरांत तेच छोटं मशीन. मोठं खूप खाली. सर म्हणाले यापासून सुरुवात करा, चार हजारांच्या आत आहे, लोक विचार न करता घेतात, टक्केवारीपण चांगली आहे. मी हात वर केला, म्हटलं सर, काल तुम्हीच दाखवलंत की याच्याने खोली कोरडी होत नाही. तर म्हणाले, "मॅडम, आपण विकत नाही, आपण फक्त लिंक देतो."

हे वाक्य मला अजिबात चालणार नाही आणि कोणालाच चालू नये. विषय पैशाकडे बघून निवडा, शंभर टक्के बरोबर. पण एकदा विषय निवडला की त्यातली कुठली वस्तू घ्या आणि कुठली घेऊ नका हे सांगताना टक्केवारीकडे बघायचं नाही, तिथे फक्त समोरच्याची खोली, समोरच्याचा खिसा. सत्तरी तालुक्यातली एखादी काकू भातविक्रीच्या पैशातून चार हजार काढून ते खेळणं घेईल, तिच्या कपाटात बुरशी तशीच राहील, आणि तिने ते माझ्या शब्दावर घेतलेलं असेल. लिंक माझी म्हणजे शब्दही माझाच. सरांना नफा आणि लबाडी यातला फरक कळत नाही असं नाही, शनिवारी त्यांना तो उत्तम कळत होता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आणि नुसत्या धंद्याच्या नजरेने बघितलं तरी ते चूकच आहे. गूगलने २०२१ पासून रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना सांगितलंय की वस्तू खरोखर वापरून बघितल्याचा पुरावा द्या, स्वतःचे फोटो, स्वतःची मोजमापं, उणिवा. त्या मीटरवरचे ८६ आणि ६३ आकडे हाच तर सगळ्यात मोठा माल होता, तो सोडून टक्केवारीची शीट कशाला?

कायद्याला तर पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. हे मी इथेच लिहिते, कारण वर्गात जाऊनही तुम्हाला कळणार नाही. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की वस्तू विकणाऱ्याशी तुमचा पैशाचा संबंध असेल तर तो ठळकपणे सांगायचा, आणि ज्या भाषेत तुम्ही शिफारस करता त्याच भाषेत सांगायचा. म्हणजे व्हिडिओ मराठीत आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरात काहीतरी, असं नाही चालत. "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" हे मराठीत, सुरुवातीलाच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आणि हे एक वाक्य लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं हा गैरसमज आहे, आपली माणसं व्यवहाराची आहेत, उघड सांगितलं की उलट विश्वास ठेवतात.

शीटच्या अगदी टोकाला काय होतं ते वाचून तर मला धक्काच बसला: पैसे लावून खेळायचे गेम, झटपट कर्जाची अ‍ॅपं, ट्रेडिंगच्या टिप्स देणारे ग्रुप. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि इथे शिकायला आलेल्या कॉलेजच्या पोरांना ती नावं हातात दिली जातायत! शेअरच्या टिप्सचंही तेच, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये नियम केला की नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी ब्रोकर वगैरेंनी संबंध ठेवायचा नाही. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या आपण रोज बघतो, त्यात कोणाकोणाची घरं गेली ते प्रत्येक गावाला माहीत आहे, वेगळं सांगायला नको. सगळ्यात जास्त टक्केवारी जिथे मिळते तिथे बहुतेक वेळा घेणाऱ्याचंच नुकसान होत असतं, म्हणून तर एवढी टक्केवारी देतात. हे कोणीतरी बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं.

दुपारनंतरचा प्रकार त्याहून वाईट. सगळ्यांना एकेक लिंक दिली, कशाची, तर याच वर्गाची! तुमच्या लिंकवरून नवीन कोणी फी भरली तर निम्मे पैसे तुमचे. "सुरुवातीला हेच विका, हे सगळ्यात सोपं." म्हणजे ज्या पोराने अजून एक वस्तू विकलेली नाही त्याने उद्यापासून दुसऱ्याला सांगायचं की मी शिकलो, तूपण शिक, आणि तो तिसऱ्याला. मशीन विकलं तर निदान कोणाचं तरी कपाट कोरडं होतं, यात कोणाचं काय होतं? माझ्याकडेही ती लिंक आहे, ती इथे टाकलेली नाही आणि टाकणार नाही, म्हणजे हे लिहून मला एक पैसाही मिळत नाही हे स्पष्ट केलेलं बरं.

रविवारात एकच गोष्ट चांगली, फोंड्याच्याच एक सीएबाई अर्धा तास येऊन गेल्या. कमिशन म्हणजे उत्पन्न, दानपेटी नव्हे, पॅन लागणार, टीडीएस म्हणजे आधीच कर कापला जातो तो आयकराच्या फॉर्ममध्ये दाखवून वळता करून घ्यायचा, कमिशनवरचा टीडीएसचा दर ऑक्टोबर २०२४ पासून पाचाचा दोन टक्के झाला, आणि सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करायची. माझं रोजचं कामच हे, त्यामुळे कान देऊन ऐकलं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पैसा बघा म्हणणाऱ्या वर्गात हातात किती उरणार हे सांगायला एवढाच वेळ मिळाला.

बाकी किरकोळ. जेवण झकास, शनिवारी वरणभात आणि खतखतं, रविवारी हुमण आणि तळलेले बांगडे. वायफाय सारखं जात होतं, मोबाईलचा डेटा शिल्लक ठेवून जा. डिचोली-वाळपईकडून येणाऱ्यांनी परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, कारण संध्याकाळचं सत्र हमखास लांबतं आणि मधूनच उठलं तर सर्टिफिकेट देत नाहीत.

त्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर मी नाव-नंबरासकट लिहून आलेय: शनिवारचा वर्ग वेगळा करा, फी दोन हजार ठेवा, यादीतून गेम आणि कर्जवाले काढा, वर्गाचीच लिंक वाटणं बंद करा, आणि सीएबाईंना पूर्ण दीड तास द्या. फोन आला होता, विचार करतो म्हणालेत. तोवर ऑफिसातल्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच की फी भरण्याआधी फक्त शनिवारचं बसता येईल का ते विचारा, आणि हो म्हणाले तर नक्की जा.